सॅटिव्हाची किक आणि मेंदूतली उलटी हाक

उसाच्या फडात गांजा सापडल्याची बातमी सांगली-साताऱ्याच्या पानावर अधूनमधून येतेच. कधी उसात, कधी हळदीत, कधी मक्याच्या आडोशाला लावलेली झाडं, ओल्या मालाचं वजन, बाजारभावाने किंमत आणि उपटलेल्या झाडांच्या ढिगामागे उभ्या पोलिसांचा फोटो. अशा बातमीनंतर कट्ट्यावर रंगणाऱ्या चर्चेत हल्ली गांजाच्या इंडिका आणि सॅटिव्हा या दोन प्रकारांपैकी सॅटिव्हाचं नाव हमखास निघतं. कॉलेजची पोरं छातीठोकपणे सांगतात, "सर, इंडिकानं माणूस लोळतो. सॅटिव्हा वेगळी. किक डोक्यात बसते, सुचायला लागतं, काम करावंसं वाटतं." हे ज्ञान मोबाइलवरून आलेलं असतं. अमेरिका-कॅनडातल्या परवानाधारक दुकानांत डब्यांवर असंच छापतात, आणि छापलंय म्हणजे प्रयोगशाळेत तपासलेलं असणार असं पोरं धरून चालतात.

आधी झाडाची कुंडली बघू. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने युरोपात वाखासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाला कॅनाबिस सॅटिव्हा असं नाव दिलं. १७८५ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेले नमुने पाहिले आणि हे झाड निराळं, जास्त नशा आणणारं, म्हणून त्याला कॅनाबिस इंडिका म्हटलं. म्हणजे आपल्याकडचं उंच, सडपातळ, अरुंद पानांचं झाड मूळचं इंडिका. विसाव्या शतकात अफगाणिस्तानातली बुटकी, रुंद पानांची, लवकर फुलणारी झाडं पाश्चात्त्य बाजारात पोहोचली आणि इंडिका ही पाटी त्यांच्याकडे गेली. उष्ण कटिबंधातल्या उंच, उशिरा फुलणाऱ्या झाडांना सॅटिव्हा म्हणायची पद्धत पडली. लामार्कचं झाड आज एखाद्या दुकानदाराला दाखवलं तर तो बिनदिक्कत सॅटिव्हा म्हणून विकेल. त्यात पुढे दोन्हींचे इतके संकर झाले की शुद्ध असं फारसं उरलेलं नाही. २०१५ आणि २०२१ मध्ये संशोधकांनी बाजारातल्या वाणांची जनुकं तपासली, तेव्हा लेबलाचा आणि जनुकीय नात्याचा नीट मेळ बसला नाही. २०२१ च्या अभ्यासात लेबलाचा थोडाफार संबंध दिसला तो काही मोजक्या सुगंधी द्रव्यांशी, ज्यांना टर्पीन म्हणतात. मर्सीन नावाच्या टर्पीनचा मातकट वास जास्त असला की इंडिका, दुसरा एखादा वास असला की सॅटिव्हा. थोडक्यात, पाटी नाकाने लावलेली आहे.

पानावरून ओळख पटते म्हणावं तर आपल्याकडे अंबाडी आहे. तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, कारण खालची पानं पाहून वनस्पतिशास्त्रज्ञांनाही गांजाच आठवला. हातात घेऊन पाहा. अंबाडीचं पान एकच असतं, खोलवर कापल्यासारखं, आणि त्याचे भाग देठाजवळ जोडलेले राहतात. गांजाच्या पानात पाच, सात किंवा नऊ स्वतंत्र पर्णिका एकाच बिंदूतून फुटतात, प्रत्येकीची कड करवतीसारखी दातेरी. शिवाय अंबाडीचं फूल जास्वंदीच्या कुळातलं, फिकट पिवळं, मध्यभागी गडद लाल. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाणाऱ्याला काही चढत नाही, आंबट ढेकर आली तर आली.

गांजाची खरी करामत पानात फारशी नसतेच. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर भिंगातून पाहिलं तर देठावर चकचकीत गोळा असावा अशा बारीक ग्रंथी दिसतात. राळ तिथे तयार होते. मादी फुलात परागकण पडून बी धरलं की राळ कमी पडते, म्हणून नर झाडं वेळेत उपटावी लागतात. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात याची तपशीलवार नोंद आहे. बंगालातल्या नौगावकडे केवळ नर झाडं हुडकून काढायला खास जाणकार माणसं शेतोशेत फिरायची, आणि इंग्रज त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हणायचे. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही हाच फरक धरून चालतो. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसतं पान आणि बी त्यात मोडत नाही. भांग त्या व्याख्येतून सुटते ती त्यामुळे, आणि तिचं नियंत्रण राज्याच्या कायद्यांवर सोडलेलं आहे.

राळेतलं नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. तेही ओल्या झाडात जवळजवळ नसतं. तिथे असतं टीएचसी-ए हे आम्ल, आणि त्याने नशा येत नाही. चिलमीच्या उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की टीएचसी उरतं. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना १९६४ मध्ये इस्राएलच्या राफाएल मेशूलम आणि येखिएल गाओनी यांनी मांडली. कच्चा माल म्हणून मेशूलम यांनी पोलिसांकडून ५ किलो जप्त चरस मिळवला आणि चक्क बसने प्रयोगशाळेत नेला. तो वास कसला, हा प्रश्न सहप्रवाशांना पडला होता, असं ते पुढे सांगत.

आता तीव्र सॅटिव्हा म्हणून जे विकलं जातं, त्याने काय होतं? विचार भरधाव धावतात, साध्या गोष्टीवर हसू फुटतं, गाण्यातला एकेक सूर सुटा ऐकू येतो, पाच मिनिटं अर्ध्या तासाची वाटतात. डोळे लाल, तोंड कोरडं, पोटात भूक. नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढू शकते. मात्रा जास्त झाली तर हेच सगळं उलटतं: छातीत धडधड, कोणीतरी आपल्याकडेच बघतंय असा संशय, आता मरतो अशी भीती. एकाच द्रव्याने दोन टोकं कशी गाठली जातात, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

मेंदूतल्या दोन चेतापेशींमध्ये एक अरुंद फट असते, सिनॅप्स. अलीकडच्या पेशीच्या टोकाशी विजेचा स्पंद आला की तिथल्या कॅल्शियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि साठवलेलं रसायन फटीत सांडतं. पलीकडची पेशी ते झेलते. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते, वाहतूक एकाच दिशेची. पण पलीकडच्या पेशीवर मारा फार झाला, तिच्यात कॅल्शियम वाढलं, की ती स्वतःच्या आवरणातल्या चरबीपासून २-एजी नावाचा रेणू जागच्या जागी बनवते. त्याचा आगाऊ साठा नसतो. हा रेणू फट ओलांडून मागे जातो आणि पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावर बसलेल्या सीबी-१ या ग्राहीला, म्हणजे ठरावीक रेणू झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. ग्राहीच्या आतल्या बाजूला जी-प्रथिन असतं. ते सुटं होतं आणि त्याचा एक तुकडा कॅल्शियमच्या वाटा अडवतो. कॅल्शियम कमी, म्हणून सांडणारं रसायनही कमी. काही सेकंदांत एक विकर (एन्झाइम) २-एजीला मोडून टाकतं आणि व्यवहार पूर्ववत होतो. २००१ मध्ये एका जपानी आणि दोन अमेरिकी प्रयोगशाळांनी हा उलटा प्रवास जवळपास एकाच वेळी दाखवून दिला.

रात्रीच्या लायटीवर ऊस भिजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दारं धरणारा सरीच्या शेवटाला उभा असतो; सरी भरली की तो विहिरीकडच्याला हाक मारतो, "बास, बंद कर." पाणी पुढे जातं, हाक मागे येते. टीएचसी म्हणजे बांधावर येऊन, कुठली सरी भरली कुठली कोरडी हे न बघता, तास-दोन तास नुसतंच "बंद कर" ओरडत राहणारा परका माणूस. २-एजी मोडणाऱ्या विकराला टीएचसी मोडता येत नाही. ते यकृतात हळूहळू निस्तरलं जातं, आणि चरबीत मुरत असल्याने रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतात.

गंमत पुढे आहे. ज्या पेशीला गप्प केलं ती कोणत्या जातीची, यावर परिणाम ठरतो. ग्लुटामेट सोडणाऱ्या पेशी पुढच्या पेशीला चेतवतात, तर गाबा सोडणाऱ्या तिला शांत ठेवतात. सीबी-१ ग्राही दोन्हींवर असतात, गाबा पेशींवर संख्येने जास्त. शांत ठेवणाऱ्या पेशीलाच गप्प केलं तर पुढची पेशी मोकाट सुटते. सुखाच्या जाणिवेशी जोडलेलं डोपामिन सोडणाऱ्या पेशींवरचा गाबाचा अंकुश असाच सैल होतो, आणि पोरं जिला किक म्हणतात तिचा एक मोठा भाग तिथे आहे. २०१२ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात टीएचसीसारख्याच एका कृत्रिम द्रव्याची अल्प मात्रा ग्लुटामेट पेशींवरच्या ग्राहींमार्फत भीती कमी करताना दिसली, आणि मोठी मात्रा गाबा पेशींवरच्या ग्राहींमार्फत भीती वाढवताना दिसली. मजा आणि धास्ती यांतलं अंतर असं काही झुरक्यांचं असतं. डब्यावर सॅटिव्हा लिहिलंय की इंडिका, याने त्यात फार फरक पडत नाही.

बाकीचे परिणाम ग्राही कुठे दाट आहेत त्यावरून लगेच उलगडतात. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाट, म्हणून वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. लहान मेंदूत दाट, म्हणून तोल आणि वेळेचा अंदाज जातो. खंबाटकीच्या वळणावर दुचाकीस्वाराला नेमकं तेच लागतं. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात ते विरळ आहेत, म्हणून अफूसारखा श्वास बंद पडत नाही. याचा अर्थ गांजा निर्धोक असा लावणारे खूप भेटतात. त्यांनी 'स्पाइस' नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम द्रव्यांकडे बघावं: टीएचसी हा ग्राही अर्धवटच चालू करतं, ही द्रव्यं तो पूर्ण चालू करतात, आणि त्यांनी माणसं दगावलेली आहेत.

चिलीम ओढून समाधी लागते असं सांगणारे बुवा आणि गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो असं सांगणारे व्हॉट्सॲपवरचे डॉक्टर, दोघांनाही एकाच पंगतीला बसवावं. विस्कटलेलं कालभान आणि ध्यान या निराळ्या गोष्टी आहेत. औषधाचं म्हणाल तर गांजातल्याच, पण नशा न आणणाऱ्या सीबीडीला अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी कृत्रिम टीएचसीला १९८५ मध्येच. हे मोजूनमापून दिलेले डोस आहेत, महाशिवरात्रीच्या लोट्यातली भांग नव्हे. भांगेची तर वेगळीच तऱ्हा. झुरक्याचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटातून गेलेलं टीएचसी अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वाट बघायला लावतं, आणि यकृतात त्याचं जे रूप बनतं तेही चांगलंच नशा आणणारं. काहीच चढत नाही म्हणून दुसरा ग्लास घेतला की रात्री सगळं एकदम अंगावर येतं.

शरीराला ही यंत्रणा गांजासाठी दिलेली नाही, याचा पुरावा साताऱ्यात यवतेश्वरचा घाट पळत चढणाऱ्यांच्या रक्तात मिळेल. बराच वेळ पळल्यावर येणाऱ्या प्रसन्नतेचं श्रेय आपण शरीरातच बनणाऱ्या, अफूसारख्या एंडॉर्फिनला देत आलो. पण एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही, आणि २०२१ च्या एका प्रयोगात एंडॉर्फिनचे ग्राही औषधाने अडवले तरी धावपटूंना आनंद झालाच. धावल्यावर रक्तात वाढतो तो आनंदामाइड, म्हणजे २-एजीचाच भाऊबंद, १९९२ मध्ये मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडलेला.

काळजीचा मुद्दा मात्रेचा आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के टीएचसी असायचं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. युरोपात आणि ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० टक्क्यांहून तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, मनोविकृतीचा झटका येण्याची शक्यता जवळपास पाचपट आढळली. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम ठामपणे सुटे करता येत नाहीत, पण घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर त्या पोराने याच्या वाटेला जाऊ नये, हे मी बिनशर्त सांगेन.

रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत "बंद कर"चा गलका इतका होतो की पेशी आपले सीबी-१ ग्राहीच कमी करतात. म्हणून तेवढ्याच मालात पूर्वीसारखं चढत नाही. सोडल्यावर पहिला आठवडा चिडचिड, उडालेली झोप आणि मेलेली भूक. २०१२ च्या एका पेट-स्कॅन (मेंदूतले ग्राही दाखवणारं चित्रण) अभ्यासात देखरेखीखाली सुमारे चार आठवडे गांजा न घेतलेल्यांच्या मेंदूत कमी झालेले ग्राही पुन्हा वाढलेले दिसले.