प्लेगच्या डॉक्टरांचा मेणकापडी झगा

१३४८च्या ‘काळ्या मृत्यू’च्या, म्हणजे युरोपातल्या प्लेगच्या मोठ्या साथीच्या चित्रांत चोचीचा मुखवटा घातलेला डॉक्टर सर्रास दाखवतात. त्या साथीत तो नव्हताच. तो पोशाख आला पावणेतीनशे वर्षांनी.

१३४८ मध्ये पोप आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहत; तिथे त्यांचे वैद्य होते गी द शोलियाक. लागण होईल या भीतीने डॉक्टर रुग्णांकडे जायला धजत नव्हते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. प्लेगचे दोन प्रकारही त्यांनी वेगळे ओळखले: थुंकीतून रक्त पडणारा तीन दिवसांत जीव घेतो, काखेत किंवा जांघेत गाठ येणारा पाच दिवसांत. गाठीवर अंजीर आणि शिजवलेला कांदा कुटून, त्यात यीस्ट व लोणी कालवून बांधायचं. गाठ पिकली की फोडायची आणि जखम भरून आणायची. कच्ची गाठ चिरली तर पू निघत नाही, नुसतं रक्त जातं. त्यांना स्वतःलाही जांघेत गाठ आली. जवळजवळ सहा आठवडे आजारी होते, पण वाचले.

पुढे शहरं प्लेगसाठी वेगळा डॉक्टर पगारावर ठेवू लागली. इटलीतल्या पाव्हिया शहराने १४७९ मध्ये डॉक्टर जोवान्नी दे वेंतुरा यांच्याशी केलेल्या करारात महिना ३० फ्लोरिन (तेव्हाचं चलन) आणि सामानासकट घर कबूल केलं होतं. काम एकच, प्लेगचे रोगी बघणं. शहरात एकट्याने फिरायला मात्र बंदी. सोबत शहराने नेमलेला माणूस हवाच.

चोचीच्या पोशाखाचं श्रेय फ्रेंच राजवैद्य शार्ल द लोर्म यांना देतात, साल १६१९. अर्धा फूट लांब नाक, नाकपुड्यांजवळ एकेक भोक, आत सुगंधी द्रव्यं. रोग दूषित हवेतून येतो असं मानत, म्हणून हा सगळा खटाटोप. वासाने जंतू अडत नाहीत. उपयोग झाला असेल तो बुटांपर्यंत बंद केलेल्या कातडी कपड्यांचा आणि मेण लावलेल्या झग्याचा. १६५७च्या साथीत इटलीतल्या जेनोआत प्लेगचं इस्पितळ सांभाळणारे धर्मगुरू आंतेरो मारिया यांनी हे नेमकं टिपलं: या झग्याचा फायदा एवढाच, की त्यात पिसवांना घर करता येत नाही. इतकं जवळ येऊनही पिसू हेच कारण असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते सिद्ध व्हायला १८९८ उजाडलं, तेही कराचीत. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीपलीकडे निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी दुसरा प्लेगने मेला. मुंबईत साथ सुरू होऊन तोवर पावणेदोन वर्षं झाली होती.