शेठजी, आता घरी जा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्यांत, एक कौतुक हमखास ऐकू येतं: ‘शेठ त्या दिवसांत घरी गेलेच नाहीत, केबिनमध्येच आडवे व्हायचे.’ ते दिवस म्हणजे ऑगस्ट २०१९चा पूर आणि पाठोपाठ मार्च २०२०ची टाळेबंदी. पूर काही दिवसांत ओसरतो, तेवढं जागरण निभतं. पण कामगार गावी, ऑर्डरी बंद, हप्ते थकलेले, असं महिनोन्‌महिने चाललं की हीच बहाद्दरी अंगाशी येते.

जागरणाने मेंदूत काय होतं? पेशी काम करताना एटीपी हे आपलं इंधन खर्च करतात, हे शाळेतलंच. त्या एटीपीतून शेवटी उरतं ते ॲडेनोसिन. जागेपणी ते मेंदूत साचत जातं, चेतापेशींवरच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून त्यांना मंदावतं. झोपेत त्याचा निचरा होतो. चहातलं कॅफीन त्याच ग्राहींवर जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. साचलेलं ॲडेनोसिन मात्र हटत नाही. शिवाय जागरणानंतर मेंदूत ए-१ जातीचे ग्राहीही वाढलेले आढळतात.

२००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रात्री फक्त ४ किंवा ६ तास झोपू दिलं. पडद्यावर आकडे दिसले की बटण दाबायचं, अशी एक परीक्षा होती. चुका दिवसागणिक वाढत गेल्या. ६ तासवाल्यांची अवस्थाही शेवटी रात्र-रात्र जागलेल्यांसारखी झाली. पण ‘झोप किती येतेय?’ या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीच्या दिवसांनंतर फारसं बदललं नाही. थकलेल्याला आपण किती थकलोय हेच उमगत नव्हतं! तेव्हा ‘दमलो की थांबेन’ म्हणणाऱ्या मालकावर विसंबून चालणार नाही.

भट्टीच्या लायनिंगवर, म्हणजे आतल्या अस्तरावर, किती हीट (वितळणीच्या खेपा) झाल्या, याची नोंद आपण ठेवतोच ना? लायनिंग फुटायची वाट कोण बघतं?

या थकव्यावर उपाय म्हणून कुणी साडेसातीची शांत करतं, कुणी निखाऱ्यांवरून चालवणारं ‘लीडरशिप’ शिबिर गाठतं. निखारा उष्णतेचा मंद वाहक, पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून सहसा भाजत नाही. तेवढ्याच तापलेल्या लोखंडावर पाय ठेवायला आपला भट्टीवाला मुळीच तयार होणार नाही.

खरी तयारी बरे दिवस असतानाच करावी लागते. मालकाच्या पाळ्या कोण-कोण करणार, हे कागदावर हवं. मग मालकाने चार दिवस फोन बंद करून रजेवर जायचं, कुठं अडतं ते बघायचं. वितळलेल्या लोखंडाचा नमुना पाहून ओतायचं की थांबायचं, हे फोरमन ठरवतो. थोरली लेक गिऱ्हाईक सांभाळते. पहिल्या खेपेला गाडी बहुधा चेकवरच्या सहीपाशीच अडकते.