चंदीगढ एकट्या ले कॉर्बुझिएनं कोऱ्या कागदावर काढलं? नाही

लातूर-नांदेडच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासेसमधे वर्षानुवर्षं एकच घोकून घेतात, चंदीगढ म्हणजे फ्रान्सचा आर्किटेक्ट ले कॉर्बुझिए, त्यानंच शून्यातून अख्खं शहर आखलं. हे अर्धंच खरंय. आधी काम होतं अमेरिकन प्लॅनर अल्बर्ट मेयर यांच्याकडं, अन् त्यांच्यासोबत होता माचेय नोवित्स्की. पोलंडचा माणूस, जन्म १९१० चा, आर्किटेक्ट तर होताच पण पोस्टर्सही करायचा, युद्धानंतर अमेरिकेत गेला आणि तिथंच राहिला, १९४८ पासून नॉर्थ कॅरोलिनात आर्किटेक्चर शिकवायचा. तिथल्या रॅले शहरातलं डॉर्टन अरेना हे मोठं बंदिस्त स्टेडियम त्याचंच डिझाईन, एकमेकींना छेदणाऱ्या दोन काँक्रीटच्या कमानी अन् मधे केबलवर ताणलेलं छत, फोटो बघाच एकदा, पण ते १९५२ ला पूर्ण झालं तेव्हा तो नव्हता. कारण १९५० मधे चंदीगढची ड्रॉइंग्ज करून परत जाताना ३१ ऑगस्टला इजिप्तमधे त्याचं विमान पडलं. वय फक्त ४०! मला हे फार लागतं.

त्यानंतर कॉर्बुझिए आला. मेयरचे वळणदार रस्ते त्यानं सरळ केले, कॅपिटॉलच्या (म्हणजे विधानसभा, सचिवालय, हायकोर्ट या सरकारी संकुलाच्या) इमारतीही त्याच्याच, पण वरच्या टोकाला कॅपिटॉल, मधे सिटी सेंटर, वस्त्यांमधून जाणारे हिरवे पट्टे ही मूळ मांडणी आधीच्या प्लॅनमधलीच आहे.