खोल समुद्रातले कवचधारी: जनुकं कुठवर पोहोचतात?

युरिथेनीस ग्रिलस हा समुद्रतळावर मेलेले मासे खाऊन जगणारा अँफिपॉड, म्हणजे कोळंबीसारखा कवचधारी प्राणी. जवळजवळ सगळ्या महासागरांत सापडतो म्हणून त्याला कित्येक दशकं एकच प्रजाती समजत. डीएनए तपासल्यावर वेगळंच दिसलं. साधारण ३००० मीटरच्या वरचे आणि खालचे प्राणी वेगळ्या वंशाचे निघाले, तर एक शाखा थेट दोन्ही ध्रुवांकडे सापडली. म्हणजे हजारो किलोमीटरचं अंतर कापता येतं, पण उभी खोली आडवी येते. दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो आणि एका दाबाला जुळलेली प्रथिनं दुसऱ्या दाबाला नीट काम करत नाहीत.

अँफिपॉडची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवते. तरंगत्या अळ्या नसतात, त्यामुळे जनुकं पसरतात ती चालत्या-पोहत्या प्राण्यांबरोबरच. उलट मध्य अटलांटिक रांगेवरच्या उष्ण झऱ्यांपाशी राहणाऱ्या रिमिकॅरिस एक्सोक्युलाटा या कोळंबीच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जातात. हजारो किलोमीटर अंतरावरच्या झऱ्यांतही तिच्यात जनुकीय फरक नगण्य आहे.

असे निष्कर्ष नमुना हाताळतानाच बिघडू शकतात. पकडलेला प्राणी लगेच थंड ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकावा आणि शरीरातलं पाणी मिसळून ते पातळ होतं म्हणून दुसऱ्या दिवशी बदलावं. फॉर्मालिन नकोच, त्यात डीएनए तुटतो. ऊती पायातून घ्यावी. पोटाजवळून घेतली तर सापळ्यातल्या आमिषाच्या माशाचा डीएनए वाचला जातो!

सर्वांत फसवी चूक पुढे होते. प्रजाती ओळखायच्या डीएनए बारकोडसाठी मायटोकाँड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतल्या) सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. त्याच्या जुन्या, निकामी प्रती केंद्रकातही असतात. त्या वाचल्या गेल्या तर नसलेली प्रजाती ‘सापडते’. डीएनए वाचनाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं किंवा मध्येच थांबा-संकेत (प्रथिन बनणं संपवणारी तीन अक्षरं) दिसला तर सावध व्हावं. मात्र डीएनएची अक्षरं प्रथिनाच्या भाषेत वाचताना अपृष्ठवंशी मायटोकाँड्रियाचाच तक्ता लावावा. त्यात टीजीए या तीन अक्षरांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, थांबा नव्हे.

दोन समूहांतला जनुकीय फरक एफएसटी या आकड्याने मोजतात: ० म्हणजे फरक नाही, १ म्हणजे पूर्ण वेगळे. साध्या गणिती प्रतिमानात केंद्रकातल्या जनुकांचा एफएसटी ०.२० आला तर दर पिढीला सरासरी एक स्थलांतरित, ०.०१ आला तर सुमारे २५. हा आकडा जपूनच वापरावा. समूह मोठे असतील आणि नुकतेच वेगळे झाले असतील, तर जनुक प्रवाह (समूहांतली जनुकांची देवाणघेवाण) थांबूनही एफएसटी शून्याजवळच राहतो. शिवाय मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणून केंद्रकातली जनुकंही तपासल्याशिवाय दोन समूह जोडलेले आहेत असं म्हणू नये.