शेळी ट्रॉलीत, लेकरू गावात: ऊसतोडीतल्या ताटातुटीची पार्श्वभूमी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूरकडच्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत पत्रे, बांबू, पिठाचं पोतं, पाण्याची टाकी, कोंबड्या चढतात. शेळीसुद्धा चढते. शाळेत जाणारं पोर मात्र आजीचं बोट धरून खाली उभं असतं. कित्येक घरांत आईबाप मुद्दाम पहाटे निघतात, म्हणजे निरोपाची रड नको. लेकरू उठतं तेव्हा अंथरुणात आईची जागा रिकामी असते.

हे आजचं नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात पाटाच्या पाण्यावर कारखाने वाढत गेले. ऊस तिकडे आणि तोडणारे हात इकडे, बीडकडच्या बालाघाट डोंगररांगेच्या कोरडवाहू पट्ट्यात. १९७२ च्या दुष्काळाने या पट्ट्याचं कंबरडं मोडलं आणि अडीअडचणीला केलेली ऊसतोड अनेक घरांचा कायमचा धंदा झाली. मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती फिटेपर्यंत तोडायचं, आणि नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा जायचं.

या सगळ्यात लेकरांच्या दृष्टीने कळीची गोष्ट एकच आहे: उचल एका माणसाला मिळत नाही, ‘कोयत्या’ला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत गेला तेव्हा बहुतेक घरांत आई गावात राहिली. इथे मजुरीचा हिशोबच असा बांधलाय की बापाबरोबर आईही जाते, तीही पाच-सहा महिने.

पूर्वी लेकरंही सोबत जायची. कारखान्याच्या तळावर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, कोपीत (झोपडीत) राहायची, धाकट्याला सांभाळायची, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधायची. शाळा बुडायची ती बुडायचीच. नव्वदीच्या दशकात कारखान्यांच्या परिसरात या लेकरांसाठी साखरशाळा उभ्या राहिल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा भर नेहमीच्या शाळांवर आला आणि साखरशाळा मागे पडल्या. दुसरीकडे सरकारने गावांत हंगामी वसतिगृहांची सोय केली. नाव वसतिगृह, पण पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात दोन वेळचं जेवण. झोपायला लेकरू आजीकडेच.

शाळा वाचावी म्हणून लेकरू मागे राहिलं. हेतू चांगलाच होता, आणि फडात, उसाच्या गाड्यांच्या आसपास वाढण्यातले धोके मी नाकारत नाही. पण शाळेच्या बदल्यात आपण त्याची आई काढून घेतोय, हा हिशोब कुठल्याच कागदावर आला नाही. हजेरी मोजली, ताटं मोजली. रात्री कोण रडतं ते कोणी मोजलं नाही.

हे ज्ञान नव्हतं असं नाही. प्रवरेची चाकं फिरायला लागली त्याच सुमारास, १९५१ मध्ये, जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासूनची लांबलेली ताटातूट लहान मुलाच्या मनाला कशी इजा करते ते मांडलं होतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १११ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. कामासाठी आईबाप दूर गेलेल्या मुलांमध्ये नैराश्याचा धोका इतर मुलांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी, तर आत्महत्येच्या विचारांचा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त दिसला. यातले बहुतेक अभ्यास चीनमधले आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे बीडला लावता येणार नाहीत. पण ‘हे तर रोजचंच’ म्हणून दुर्लक्ष करणंही आता शक्य नाही.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. तरी वस्तीवरची आजी पोराचं पोट सारखं का दुखतं हे विचारायला तिथवर जात नाही. ती दृष्ट काढते. तिचं स्वतःचं गुडघेदुखीचं शरीर, त्यात तीन-चार नातवंडं.

वयात आलेल्या मुलीचं दुखणं आणखी वेगळं. घरात मोठं माणूस नाही, पोर एकटी कशी ठेवायची, या धास्तीने लग्न उरकलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ४० हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. यातल्या किती मुली पुढच्या दसऱ्याला नव्या कोयत्याचा अर्धा भाग होतात, ते गावाला ठाऊक असतं.

२०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, निम्मी मुलींसाठी. छप्पर, जेवण, अभ्यास यांचा विचार त्यात आहे. हाच विचार मनासाठी हवा: तळ आणि शाळा एकमेकांजवळ, रोज ठरल्या वेळी आईशी बोलणं, लेकरांचं ऐकणारं एखादं जाणतं माणूस.

सध्या आईचा फोन येतो तो गाडी भरून झाल्यावर, लेकरू पेंगुळलेलं असताना. पहिल्या महिन्यात ते धावत येऊन फोन घेतं. संक्रांतीपर्यंत आजीलाच सांगतं, ‘तूच बोल.’ आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आई उंबऱ्यात येते, तेव्हा धाकटं आजीच्या पदराआड जातं.