वॉकर आणि पांगुळगाडा: मिकी दोन्हीवर असतो

सांगलीत हरभट रोडवर खेळण्यांच्या दुकानात जाऊन "बाळासाठी वॉकर दाखवा" म्हटलं, की दोन वेगळ्या वस्तू समोर येतात. एक गोल असते. तिच्या मधे कापडी बैठक, समोर ट्रे आणि खाली गरगर फिरणारी छोटी चाकं. दुसरी ढकलायची असते. तिला पुढे उभी पाटी, मागे धरायला दांडा आणि खाली चार चाकं. दोन्हींचे रंग तेच, बटणं तीच, गाणी तीच. आणि दोन्हींवर मिकी माउस, नाहीतर छोटा भीम. ऑनलाइन शोधलं तरी एकाच नावाखाली दोन्ही दिसतात. मग आईबाप चित्र बघून निवडतात.

या दोन वस्तूंचं काम मात्र एकमेकांच्या उलट आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: बैठकीची गाडी घरात आणूच नये. ढकलायची आणली तर चांगलं, नाही आणली तरी काही अडत नाही. इथून पुढे मी बैठकीच्या गाडीला वॉकर म्हणते आणि ढकलायच्या गाडीला पांगुळगाडा, मग तो सुताराकडचा लाकडी असो की कार्टूनवाला प्लॅस्टिकचा.

वॉकरमधल्या बाळाचे पाय एकदा खाली वाकून नीट बघा. ते पाऊल टाकत नाही. अंगाचं वजन कापडी बैठकीवर असतं आणि पायांची फक्त बोटं फरशीला टेकलेली असतात. बोटांनी फरशी मागे लोटली की गाडी पुढे सरकते. टाच टेकतच नाही. ट्रे आडवा आल्यामुळे बाळाला स्वतःचे पाय दिसतही नाहीत. चालणं म्हणजे एका पायावर वजन तोलून धरणं, दुसरा पाय उचलून पुढे टाकणं, मग वजन त्या पायावर घेणं. त्यासाठी कमरेचे, मांड्यांचे आणि पोटाचे स्नायू एकत्र कामाला लागतात. वॉकरमध्ये हा तोल सांभाळायची वेळच येत नाही, तो बैठकीनं सांभाळलेला असतो. बाळ घरभर फिरताना दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं ते चालायला शिकतंय. प्रत्यक्षात ते बसलेलं असतं.

१९९९ साली अमेरिकेत १०९ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉकर वापरणारी बाळं बसायला, रांगायला आणि चालायला न वापरणाऱ्यांपेक्षा उशिरा शिकलेली आढळली. "वॉकरमुळे लवकर चालतो" हे आपल्याकडे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं, की हा निष्कर्ष ऐकून लोक चकित होतात. मला तो पटायला वेळ लागला नाही, कारण तोल सांभाळायचा सरावच झाला नाही तर तोल येणार कुठून?

पण उशीर ही त्यातली लहान बाब आहे. मोठी बाब वेगाची. वॉकरमधलं बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं. आपण गॅस बारीक करून वळेपर्यंत ते हॉल ओलांडून दारात पोचलेलं असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरच्या अपघातांमुळे पंधरा महिन्यांखालच्या सुमारे दोन लाख तीस हजार बाळांना इस्पितळांच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त बाळांना डोक्याला किंवा मानेला इजा होती, आणि जवळपास चारांतली तीन बाळं जिन्यावरून पडली होती. मोठी माणसं घरात असतानाही असं घडतं, कारण हाताच्या अंतरावर नसलेल्या माणसाला त्या वेगाला गाठता येत नाही. कॅनडानं २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरातसुद्धा बंद केली, अशी बंदी घालणारा तो पहिला देश. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही वॉकर बनवणं आणि विकणं थांबवा, असं गेली कित्येक वर्षं सांगते आहे.

आपल्या सांगलीत जिन्याची गोष्ट आणखी जवळची आहे. २००५, २०१९ आणि २०२१, तीन महापूर पाहिलेल्या या गावात आमच्यासारखी अनेक घरं आता खाली पार्किंग ठेवून वर राहतात. म्हणजे राहत्या मजल्याचं दार उघडलं की समोर जिना. जुन्या वाड्यांमध्ये जिना नसला तरी उंबरे आहेत, ओसरीची पायरी आहे. उंबऱ्याला वॉकरचं पुढचं चाक अडलं की बाळ गाडीसकट पुढे उलटतं. शिवाय उभं राहिल्यामुळे त्याचा हात उंच पोचतो: टेबलावरच्या चहाच्या कपापर्यंत, इस्त्रीच्या वायरीपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंत. रांगणाऱ्या बाळासाठी आवरून ठेवलेलं घर वॉकरमधल्या बाळासाठी आवरलेलं नसतं.

आता पांगुळगाडा. जत्रेत मिळायचा तो लाकडी गाडा अनेकांनी पाहिला असेल. तीन चाकं, तिकोनी चौकट, धरायला आडवी दांडी. तासगावच्या रथोत्सवाला गेलो की आमच्या सासूबाईंना तो हमखास आठवतो. प्लॅस्टिकचा, मिकीवाला गाडा हा त्याचाच धाकटा भाऊ आहे. बाळ त्याच्या आत नसतं, मागे उभं असतं. वजन स्वतःच्या पायांवर, तळवा पूर्ण टेकलेला, पाय डोळ्यांसमोर. दमलं की हात सोडून खाली बसायला ते मोकळं आहे. आणि मुख्य म्हणजे ते पडू शकतं. मला हा या गाड्याचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली, तेव्हा मोकळं खेळणारं मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होतं आणि सतरा वेळा पडत होतं. एवढं पडूनही ती मुलं खेळत राहतात, उठून पुन्हा निघतात. मागच्या मागे बुडावर बसणं, हात टेकणं, गुडघ्यावर येऊन पुन्हा उभं राहणं हा चालण्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

म्हणून पांगुळगाडा निर्धोक आहे असं मात्र नाही. त्याचा धोका कुठे आहे हे फरशीवर कळतं. आमच्या माहेरी शहाबादी फरशी आहे, खरखरीत. तिथे लेक गाडा ढकलायची तर तो तिच्या चालीनं, रेंगाळत जायचा. आमच्या घरी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. इथे पहिल्याच ढकलण्याला गाडा निसटून पुढे गेला, पाय मागे राहिले आणि ती आडवी झाली. हनुवटी दांड्यावर आपटायची थोडक्यात वाचली. जुन्या गाड्याची लाकडी चाकं कुरकुरत, अडखळत फिरायची, त्यामुळे वेग आपोआप आवरायचा. प्लॅस्टिकची चाकं सुळकन पळतात. उपाय सोपा निघाला. गाड्याच्या पुढच्या कप्प्यात तांदळाची दोन किलोची पिशवी ठेवली आणि चाकांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे पट्टे चढवले. काही गाड्यांच्या चाकांना वेग कमी करायचा स्क्रू असतो. विकत घेताना तो आहे का बघा, हे गाणी किती वाजतात यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. आणि मोजे घालू नका. अनवाणी पायाची बोटं फरशी धरून ठेवतात, मोज्यात ती घसरतात. जिन्याच्या दाराला अडसर हा पांगुळगाड्यालाही हवाच, आणि मोठं माणूस जवळ हवंच.

केव्हा द्यायचा? बाळ स्वतःहून पलंगाला धरून उभं राहायला आणि धरत धरत बाजूला सरकायला लागलं की. त्याआधी उभं करून दांडा हातात देऊ नये. शेजारपाजारच्या बाळांशी तुलना करून घाईही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारा आणि सोळाव्या महिन्यात चालणारी, दोघंही ठीक. अठरा महिने होत आले तरी चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. आणि गाडा नसेल तर? प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत अख्खं घर पालथं घालणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. तेवढ्यानं भागतं.

आता कार्टूनबद्दल. गाड्यावरचं चित्र बाळासाठी असतं असा आपला समज असतो. दहा महिन्यांच्या बाळाला भीम कोण हे ठाऊक नसतं. त्याला भडक रंग आणि चेहरा आवडतो, तो चेहरा कोणाचा का असेना. भीम ओळखतो तो चार वर्षांचा दादा. मिकी ओळखतो आपण. त्यामुळे "मिकीचा आहे" एवढ्यावर जास्तीचे पैसे मोजू नका, हे माझं प्रामाणिक म्हणणं. पण चित्र वाईट असंही नाही. ते कुठे आहे यानं फरक पडतो. वॉकरमध्ये मिकी ट्रेवर असतो, बाळाच्या छातीसमोर. बटण दाबलं की गातो, लुकलुकतो, आणि बाळ बैठकीत लटकलेलंच तासभर दाबत बसतं. वर्षाखालच्या बाळाला कुठल्याही बैठकीत किंवा पट्ट्यात एका वेळी तासाहून जास्त अडकवून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. ट्रेवरची गाणी नेमकी उलट काम करतात. पांगुळगाड्यात तोच मिकी पुढच्या पाटीवर असतो. त्याच्याशी खेळायचं तर दांडा सोडून गाड्याच्या पुढे यावं लागतं, खाली बसावं लागतं, बटणं चाळून पुन्हा दांड्याला धरून उठावं लागतं. माझी लेक हे इतक्या वेळा करायची की तिचं अर्धं उठणं-बसणं त्या मिकीपायीच झालं असावं. इथे चित्रानं बाळाला हलवलं.

चित्राच्या परवान्याची आणि सुरक्षिततेच्या खुणेची गल्लतही होते. डब्यावर चमकणारा होलोग्राम असला तर तो फार तर एवढंच सांगतो, की चित्र वापरायची परवानगी घेतलेली आहे. रंग विषारी नाही, कडा टोकदार नाहीत, छोटे भाग निखळत नाहीत, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आयएसआय खूण बघायची. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या ॲपवर टाकून खरा की खोटा ते बघता येतं. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे कारागिराकडच्या लाकडी गाड्यावर खूण नसेलही. तिथे आपला हात फिरवायचा: कुसळ लागतं का, खिळ्याचं डोकं वर आलंय का, रंगाचे पोपडे निघतात का. गाण्याच्या गाड्यात बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद असायलाच हवं. बटणासारखा चपटा सेल बाळानं गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून निघू शकते. दुकानदारासमोरच झाकण नखानं उघडून बघा. उघडलं तर ती वस्तू परत ठेवा.

राहता राहिला घरात आधीच आलेल्या वॉकरचा प्रश्न. तो बहुधा कोणीतरी कौतुकानं आणलेला असतो. आमच्याकडे नणंदेनं दिवाळीत आणला होता, भीमवाला, खास पुण्याहून. मी तिला म्हटलं, "ताई, जिना बघा ना आपला." ती उठून दारापर्यंत गेली, खाली पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, दुकानात कोणी हे सांगितलंच नाही हो." बिल होतं, वॉकर परत करून तिनं त्याच पैशांत पांगुळगाडा आणला. देणाऱ्याचं मन मोडेल म्हणून गप्प राहू नये. भाच्याचं, भाचीचं वाईट व्हावं असं कुणाला वाटतं?

परत करता येत नसेल तर पुढच्या बाळंतिणीकडे पाठवू नका. आपल्याकडे पाळणा, दुपटी, वॉकर सगळं घरोघर फिरत राहतं, आणि एरवी ती फार छान रीत आहे. कॅनडातल्या बंदीत जुना, वापरलेला वॉकर विकणंसुद्धा येतं, ते याचसाठी. भंगारात देतानाही आधी चाकं उपटून काढा आणि बैठकीचं कापड कापून टाका, म्हणजे तो दुरुस्त होऊन पुन्हा कोणाच्या घरात जाणार नाही.