'नवऱ्याचं नाव नाही, मग बाळंतपणाची रजा नाही'? खुलासा

सोलापुरात टॉवेल, चादर, गणवेशाच्या कारखान्यांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. घटस्फोटित, विधवा, टाकलेली किंवा अविवाहित बाई असेल, तर भरपगारी रजा नाही म्हणे. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात शब्द आहे फक्त 'स्त्री'. लग्नाची अट कुठंच नाही.

अट आहे कामाच्या दिवसांची: अपेक्षित बाळंतपणाच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस. नगावर काम असलं तरी चालतं. पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे.

घोळ होतो तो हिशेबात. रजेआधीच्या 3 महिन्यांत 75 दिवस काम करून 30,000 रुपये मिळाले, तर रोज 400. आता 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, म्हणून 72,800 रुपये. रविवार वजा करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं हे 1977 मध्येच स्पष्ट केलंय. तरी ते गुपचूप कापले जातात!

पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात असेल तर पैसे तिथून मिळतात, तिथं दिवसांची अट वेगळी. मस्टरवर (हजेरीपटावर) नावच नसेल तर मात्र 80 दिवस दाखवणं अवघड जातं, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे फोटो जपून ठेवा. रजेचा अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज बाळंतपणानंतर दिला तरी हक्क बुडत नाही.